ध्यानकेंद्र सगळ्यांनी मिळून चालवायचं तर: नियोजन, गट आणि निर्णयांची पद्धत

ध्यानकेंद्र नेमकं कोण चालवतं हे कळायला किल्ल्यांचा जुडगा बघावा. कोठीची किल्ली, दानपेटीची किल्ली, बँकेचा ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो नंबर, शिबिराच्या नोंदणीचा पासवर्ड आणि पाण्याचा मेन व्हॉल्व्ह कुठे आहे याची माहिती, या ५ गोष्टी एकाच माणसाकडे असतील तर कार्यकारिणीत ११ नावं असूनही केंद्र एकाच खांद्यावर उभं आहे. यात बहुतेक वेळा कोणाला सत्तेची हाव नसते. जो पहिल्यापासून येतो तो करत जातो, बाकीचे निर्धास्त होतात. मग काही वर्षांनी तो थकतो किंवा आजारी पडतो आणि तोंडावर आलेलं शिबिर रद्द करावं लागतं, कारण गाद्यांच्या खोळी कुठे ठेवल्यात हेसुद्धा दुसऱ्या कोणाला माहीत नसतं.

म्हणून पहिलं काम चर्चेचं नाही, यादीचं आहे. दोघांनी एका संध्याकाळी बसावं आणि केंद्र एक महिना चालायला काय काय लागतं ते ओळीने लिहावं. लहान केंद्रातही ५०-६० ओळी सहज होतात. प्रत्येक ओळीपुढे ४ रकाने ठेवा: काम काय, आज कोण करतं, आणखी कोणाला येतं, आणि ते कुठे लिहून ठेवलंय. तिसरा रकाना जिथे जिथे रिकामा आहे तिथे खूण करा. पुढे गट पाडताना आणि जबाबदाऱ्या वाटताना याच खुणांपासून सुरुवात करायची आहे.

भिक्खुसंघाची जुनी रीत

‘एक खमका माणूस वर नसेल तर सगळं विस्कटेल’ हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येतं. खरं तर बुद्धांनी स्वतःच्या मागे कोणालाही प्रमुख नेमलं नव्हतं. मज्झिम निकाय या सुत्तांच्या संग्रहातल्या गोपक मोग्गल्लान सुत्तात बुद्धांचे शिष्य आनंद यांना विचारलं जातं की बुद्धांनी मागे कोणाला प्रमुख नेमलंय का, आणि ते सांगतात की असा एकही भिक्खू नेमलेला नाही, आमचा आधार धम्म आहे. पण याचा अर्थ तिथे व्यवस्था नव्हती असा नाही. विनयपिटकात, म्हणजे भिक्खुसंघाच्या नियमांच्या ग्रंथात, कामं माणसागणिक वाटलेली दिसतात: भोजनाची आमंत्रणं वाटून देणारा भत्तुद्देसक, निवासाच्या जागा नेमून देणारा सेनासनपञ्ञापक, कोठार सांभाळणारा भांडागारिक, बांधकामावर देखरेख करणारा नवकम्मिक. या नेमणुका संघासमोर मांडून, संघाच्या संमतीने होत.

माणूस निवडायच्या कसोट्याही दिल्या आहेत, आणि त्या आजही जशाच्या तशा वापरता येतात. आवड, द्वेष, मोह आणि भय या ४ कारणांनी ज्याचा तोल ढळत नाही, आणि ज्याला त्या कामातलं कळतं, त्याला नेमावं. भांडागारिकाच्या बाबतीत पाचवी कसोटी अशी की काय नीट राखलं गेलंय आणि काय नाही हे त्याला माहीत असावं. आपल्याकडे बहुतेक वेळा फक्त पहिली अर्धी कसोटी लावली जाते: माणूस शांत आहे, साधना चांगली आहे, मग कोठी देऊन टाका. दोन महिन्यांनी धान्याला कीड लागते, आणि दुखावला जातो तो चांगला साधक.

दब्ब मल्लपुत्त या भिक्खूंचा दाखला तर प्रत्येक निवास-व्यवस्थापकाने लक्षात ठेवावा. जागा नेमून देताना ते सुत्तं पाठ करणाऱ्यांना एकत्र ठेवत, विनयाचा अभ्यास करणाऱ्यांना एकत्र आणि ध्यान करणाऱ्यांना एकत्र, म्हणजे एकाच्या पाठांतराचा दुसऱ्याच्या ध्यानाला त्रास होऊ नये.

निर्णयांचे ३ ढीग

कोणता निर्णय कोणाचा हे लिहिलेलं नसेल तर प्रत्येक गोष्ट आचार्यांकडे जाते, किंवा जो मोठ्याने बोलतो त्याच्याकडे. कागदावर ३ ढीग करा.

पहिला ढीग धम्माचा: काय शिकवायचं, शिबिराचा क्रम कोणता, साधकांना वैयक्तिक मार्गदर्शन कोणी करायचं, दीर्घ शिबिरासाठी पात्र कोण. हे निर्णय शिक्षकांचे. दुसरा सेवेचा: स्वयंपाकघर, साफसफाई, नोंदणी, बाग, ध्यानकक्षाची व्यवस्था. हे त्या त्या सेवागटाचे. तिसरा विश्वस्तांचा: जमीन, इमारत, हिशेब, कायदेशीर कागद, पगारी माणसं, सुरक्षितता.

हे तिन्ही ढीग तासाभरात होतात. खरी मेहनत सीमेवरच्या गोष्टींना लागते आणि भांडणंही तिथेच होतात. वर्षाला किती शिबिरं घ्यायची, हा धम्माचा प्रश्न की सेवेचा? शिक्षकांना १४ हवी असतात, स्वयंपाकघराला ९ झेपतात. प्रवचनांचं रेकॉर्डिंग कोणाला द्यायचं? शिबिरातून एखाद्याला घरी पाठवायचं झालं तर कोणी सांगायचं? शिक्षकांच्या प्रवासाचा आणि निर्वाहाचा खर्च कोणी ठरवायचा? अशा १०-१२ गोष्टींची वेगळी यादी करा आणि प्रत्येकीपुढे लिहा की कोणाकोणाची संमती लागेल. शिबिरांची संख्या: शिक्षक आणि शिबिरगट. साधकाला परत पाठवणं: शिक्षक आणि त्या शिबिराचा व्यवस्थापक. निर्वाहखर्च: विश्वस्त ठरवतील आणि त्या चर्चेत शिक्षक बसणार नाहीत.

दोन नियम मात्र चर्चेला ठेवू नका. शिक्षक हे बँकेच्या खात्यावर एकटे सही करणारे नसावेत, आणि विश्वस्तांनी ध्यानाच्या सूचना बदलू नयेत. पहिला नियम मोडला तर साधकाला शिक्षकांशी मोकळं बोलता येत नाही. दुसरा मोडला तर शिक्षक हळूहळू नोकर होतात.

ऐकून घेण्याचे ६ आठवडे

पुढच्या ३ वर्षांची आखणी करायची असेल तर आधी ६ आठवडे फक्त ऐकण्यासाठी राखून ठेवा. ६ ते ८ जणांचे गट, प्रत्येकी ७५ मिनिटं. दोन माणसं चालवतील: एक विचारेल, दुसरा बोलणाऱ्याच्याच शब्दांत लिहून घेईल. कार्यकारिणीतला माणूस यातलं काहीच करणार नाही, कारण तो समोर असला की तक्रारीचं रूपांतर कौतुकात होतं.

प्रश्न तीनच पुरतात. इथे आल्यामुळे तुमच्या साधनेला काय मिळालं? कुठे अडखळायला होतं? येत्या ३ वर्षांत इथे काय व्हावं, आणि त्यातलं काय करायला तुम्ही स्वतः हात लावाल? तिसऱ्या प्रश्नाचा उत्तरार्ध गाळू नका. तो गाळला की हाती मागण्यांची यादी येते आणि ती पुरी करायला माणसं नसतात.

कोणाला बोलवायचं यात नेहमी चूक होते. नियमित येणारे येतातच. त्यांच्याखेरीज तीन तऱ्हेच्या माणसांकडे मुद्दाम जा: पहिल्या वर्षातले नवे साधक (यांचा गट वेगळा घ्या, जुन्यांसमोर ते मान डोलावतात), स्वयंपाकघरात आणि सफाईला असणारी पगारी माणसं, आणि जे येईनासे झालेत ते. या शेवटच्यांपैकी निदान १० जणांना फोन करा आणि ‘परत या’ असं अजिबात न म्हणता फक्त विचारा की काय झालं. केंद्राबद्दल सगळ्यात उपयोगी माहिती बहुधा याच फोनवर मिळते.

गट बोलत असताना एक शिस्त पाळा. सुरुवातीला २ मिनिटं शांत बसायचं, मग बसलेल्या क्रमाने एकेकाने बोलायचं, आणि सगळ्यांचं एकदा बोलून होईपर्यंत कोणी दुसऱ्यांदा बोलायचं नाही. ज्याला बोलायचं नसेल त्याने ‘पुढे’ म्हणावं, शेवटी त्याला पुन्हा विचारावं.

सगळं लिहिलेलं एकेका कार्डावर एकेक मुद्दा असं उतरवून भिंतीवर लावा. सारखी कार्डं जवळ आणा. ज्या कार्डाला जोडीदार सापडत नाही ते फेकू नका, बाजूला लावा. व्हीलचेअर ध्यानकक्षाच्या उंबऱ्यावरून आत येत नाही हा मुद्दा एकाच कार्डावर येईल, कारण ज्यांना हा उंबरा अडवतो ते बहुतेक आत आलेलेच नसतात. शेवटच्या गटानंतर २ आठवड्यांच्या आत २ पानी सार सगळ्यांना पाठवा. इथे महिने गेले की लोक समजतात, आपलं बोलणं कुठेतरी गडप झालं, आणि पुढच्या वेळी ते येत नाहीत.

आखणीचा दिवस, आणि तासांचा हिशेब

आखणीसाठी एक पूर्ण दिवस घ्या. सकाळी अर्धा तास सगळ्यांनी ध्यानाला बसावं. मग ४५ मिनिटं भिंतीवरची कार्डं न बोलता वाचावीत. या शांत वाचनाचा फायदा मोठा असतो: आपला मुद्दा दुसऱ्याच कोणाच्या अक्षरात दिसला की तो रेटायची गरज उरत नाही. दुपारपर्यंत कामं सुचवून घ्या. जेवणानंतर त्यातली वर्षभरासाठी ३ निवडा. सात नाही, तीन. प्रत्येकापुढे कोण, कधीपर्यंत, किती पैसे आणि झालं हे कशावरून ओळखायचं, या ४ गोष्टी लिहिल्याशिवाय दिवस संपवू नका.

पैशांचा अंदाज सगळेच काढतात, सेवेच्या तासांचा कोणी काढत नाही. ३० साधकांचं २ दिवसांचं शिबिर घ्या. स्वयंपाकघरात ४ जण रोज ८ तास, म्हणजे ६४ तास. ध्यानकक्ष आणि व्यवस्था बघणारे दोघं रोज ६ तास, २४. आधीची आणि नंतरची सफाई ५ जण ४ तास, २०. बाजारहाट दोघं ३ तास, ६. एकूण ११४ तास. आता केंद्राकडे २५ सेवक आहेत आणि प्रत्येक जण महिन्याला ६ तास देऊ शकतो असं धरा. हातात १५० तास. शिबिर वजा जाता उरले ३६, आणि त्यात साप्ताहिक सामूहिक साधना, हिशेब, बाग, फोन, दुरुस्ती असं सगळं बसवायचं. अशा केंद्राने त्याच महिन्यात दुसरं शिबिर जाहीर केलं तर जे ७८ तास कमी पडतील ते नेहमीच्या चार-पाच माणसांच्या झोपेतून येतात. हा हिशेब मोठ्या कागदावर करून भिंतीवर लावावा. त्यापुढे उत्साहाची भाषा आपोआप जमिनीवर येते.

गट आणि जबाबदाऱ्या

एका गटात ४ ते ७ माणसं. संघकम्मासाठी, म्हणजे संघाच्या औपचारिक कामकाजासाठीही, विनयाने किमान ४ भिक्खूंची उपस्थिती सांगितली आहे, काही कामांसाठी ५, १० किंवा २०. चाराहून कमी असले की एक आजारी पडला तर काम थांबतं. सातांच्या वर गेले की तिघं बोलतात आणि बाकीचे फक्त हजर असतात. शिबिर, स्वयंपाक व कोठी, वास्तू व परिसर, हिशेब, स्वागत व संपर्क हे ५ गट बहुतेक केंद्रांना पुरतात. लहान केंद्राने तिनांपासून सुरू करावं.

गटांना जोडणारा एक मध्यवर्ती गट लागतो. त्यात प्रत्येक गटातून दोघांनी जावं: संयोजक आणि प्रतिनिधी. ही दुहेरी जोडणी सोशिओक्रसी या, संमतीने निर्णय घेण्याच्या पद्धतीतली आहे. नेदरलँड्समधले अभियंते गेरार्ड एंडेनबर्ग यांनी ती आपल्या विद्युत-अभियांत्रिकी कंपनीत विकसित केली. दोघं का, तर संयोजकाचं लक्ष मध्यवर्ती गटात ठरलेलं खाली उतरवण्याकडे असतं आणि प्रतिनिधीचं गटातली अडचण वर पोचवण्याकडे. एकाच माणसाला दोन्ही करायला लावलं की अडचणी वाटेत गळतात. तो काही लपवत नाही, त्याला दोन्हीकडे बरं दिसायचं असतं इतकंच.

प्रत्येक जबाबदारीचं एक पान असावं, एकच. काय करायचं, काय स्वतःच्या अधिकारात ठरवता येतं, कोणाला विचारून करायचं, किती रकमेपर्यंत खर्च करता येतो, महिन्याला साधारण किती तास जातात, मुदत कधी संपते. मुदत २ वर्षं, लागोपाठ दोनदाच. सगळ्यांची मुदत एकाच दिवशी संपू देऊ नका. दर वर्षी साधारण निम्मी माणसं बदलतील असं लावून घ्या, नाहीतर दर दोन वर्षांनी केंद्र शून्यापासून शिकायला लागतं.

निवड करताना ‘कोण करतंय?’ असं विचारू नका. त्या प्रश्नावर तोच हात वर येतो जो नेहमी येतो. आधी जबाबदारीचं पान मोठ्याने वाचा. मग प्रत्येकाने चिठ्ठीवर एक नाव लिहावं आणि फेरीत ते नाव का सुचवलं ते सांगावं. सगळ्यांची कारणं ऐकून झाल्यावर दुसरी फेरी घ्या, ज्याला मत बदलायचं त्याने बदलावं. ज्याचं नाव पुढे येतं त्याला सगळ्यांत शेवटी विचारा, आधी विचारलं तर तो संकोचाने नाही म्हणून मोकळा होतो.

सोपवणीला २ महिने द्या. पहिला महिना जुना करतो आणि नवा बघतो, दुसरा महिना नवा करतो आणि जुना बघतो. त्यानंतर ३ महिने जुन्याने त्या गटाच्या सभेला यायचं नाही. फोनवर विचारलं तर सांगायचं, आपणहून फोन करायचा नाही. संस्थापकांना हे फार जड जातं आणि त्यांच्याशी ते प्रेमाने, पण स्पष्ट बोलावं लागतं.

निर्णयाची सभा

महापरिनिब्बान सुत्तात वज्जी या गणराज्याच्या उत्कर्षाची जी ७ कारणं येतात त्यांतली पहिली दोन सभेबद्दलच आहेत: वारंवार जमणं, आणि एकोप्याने जमून एकोप्याने उठणं. दुसरं वाक्य सभा चालवणाऱ्याने डोळ्यांसमोर ठेवावं. उठताना एकोपा हवा, म्हणजे पायऱ्यांवर दुसरी सभा भरायला नको.

विनयात प्रस्तावाची रीत अशी: आधी ज्ञप्ती, म्हणजे काय करायचं आहे ते संघाला कळवणं. मग घोषणा, साध्या कामाला एकदा आणि गंभीर कामाला तीनदा. ज्याला मान्य आहे त्याने गप्प राहायचं, ज्याला नाही त्याने बोलायचं. हे वाचून बरीच केंद्रं ‘कोणाला काही म्हणायचंय? नाही? मंजूर’ असं करतात. तिथे गडबड होते. भिक्खुसंघात नियम पाठ असलेले, बोलायचा हक्क माहीत असलेले लोक बसलेले असत. आपल्याकडे गप्प बसणारा घाबरलेला असतो, नवा असतो किंवा त्याला प्रस्तावच कळलेला नसतो. म्हणून मौनाऐवजी फेरी घ्या.

उदाहरणार्थ प्रस्ताव असा आहे: संध्याकाळची सामूहिक साधना ६ ऐवजी ७ वाजता सुरू करावी, म्हणजे कामावरून येणाऱ्यांना जमेल. मांडणाऱ्याने हे दोन वाक्यांत लिहून आणावं. पहिली फेरी फक्त समजण्याच्या प्रश्नांची: सगळे दिवस की फक्त कामाचे? साधना तासाचीच? या फेरीत ‘पण मला वाटतं’ सुरू झालं की संयोजकाने थांबवावं. दुसरी फेरी प्रतिक्रियांची, प्रत्येकाला एक मिनिट. मग मांडणारा हवं तर प्रस्तावात बदल करतो. तिसरी फेरी संमतीची, आणि तिच्यात प्रश्न एवढाच: ‘हे करून बघायला तुमची हरकत आहे का?’

‘मला ६ च बरं पडतं’ ही पसंती झाली, हरकत नाही. ‘७ ला सुरू झालं तर जेवण ८ ला, आणि भांडी घासणाऱ्या दोघांना ९ च्या आत निघता येणार नाही, त्यांनी आधीच सांगितलंय’ ही हरकत आहे, कारण तिच्यात केंद्राच्या कामाचं नेमकं काय बिघडेल ते दिसतं. हरकत आली की ती फळ्यावर लिहा आणि ज्याने ती घेतली त्यालाच नव्हे, सगळ्या गटाला विचारा की यावर काय करता येईल. साधना ७ ला, पण ४५ मिनिटांची. भांडी साधकांनी पाळीने घासायची. ३ महिने करून बघायचं, नंतरच्या पहिल्या सभेत फेरविचार. पुन्हा संमतीची फेरी, आणि झालं. फेरविचाराची तारीख लिहिली असली की निम्म्या हरकती आपोआप विरघळतात, कारण लोकांना निर्णयापेक्षा तो कायमचा होण्याची भीती जास्त असते.

आजारी भिक्खू सभेला येऊ शकला नाही तर तो दुसऱ्याकरवी आपला छंद, म्हणजे संमती, पाठवत असे. ही सोय ठेवा, पण एका अटीवर: सभेत प्रस्ताव बदलला तर पाठवलेली संमती चालणार नाही, त्या माणसाला फोन करायचा.

दोन सभांतही एकमत झालं नाही तर मतदान करा, त्यात कमीपणा नाही. संघातही वाद मिटेना तेव्हा शलाका, म्हणजे मताच्या काड्या, वाटून बहुमत घेत, आणि शलाका वाटणारा माणूस संघाने निवडलेला असे. माणसांबद्दलचा निर्णय असेल तर मत गुप्तच घ्या.

सभेचं इतिवृत्त लांबलचक लिहू नये. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, फेरविचार कधी. या ४ ओळी उठण्याआधी वाचून दाखवा. मोबाइलच्या ग्रुपवर निरोप द्या, फोटो टाका, पण निर्णय घेऊ नका: तिथे जो फोन सतत हातात ठेवतो त्याचं मत चालतं.

पैसा

दानपेटी दोघांनी मिळून उघडायची, तिथेच मोजायची, चिठ्ठीवर दोघांच्या सह्या, आणि रक्कम पुढच्या कामाच्या दिवशी बँकेत. जोडी दर महिन्याला बदलायची. जवळच्या नात्यातल्या दोघांनी खात्यावर सह्या करू नयेत. ६ महिन्यांच्या नेहमीच्या खर्चाइतकी गंगाजळी असल्याशिवाय बांधकाम काढू नका. दर ३ महिन्यांनी जमा-खर्चाचं एक पान सूचनाफलकावर लावा. एखाद्या सेवकाच्या किंवा त्याच्या नातेवाइकाच्या दुकानातून माल घ्यायचा असेल तर त्याने ते आधी सांगावं आणि त्या निर्णयातून बाहेर बसावं.

दात्याने ‘याच कामासाठी’ म्हणून मोठी रक्कम देऊ केली आणि ते काम आखणीत नसेल तर नम्रपणे थांबायला सांगा. मोठी मूर्ती येते, आणि तिच्या छपरासाठी पुढची ४ वर्षं स्वयंपाकघराची दुरुस्ती लांबणीवर पडते.

कुठे बिघडतं

ध्यानकेंद्रातला सगळ्यात घातक शब्दप्रयोग म्हणजे ‘हा तुमचा अहंकार बोलतोय’. हिशेबाबद्दल प्रश्न विचारणाऱ्याला, वेळापत्रकावर हरकत घेणाऱ्याला हे ऐकवलं की त्याचं तोंड बंद होतं, आणि त्याच्यासोबत ऐकणाऱ्या दहा जणांचंही. समोरच्याच्या मनाचं निदान सभेत करायचं नाही असा नियम लिहूनच ठेवा. मुद्दा खरा की खोटा एवढंच बघायचं. ‘सोडून द्या, अनित्य आहे’ हेही त्याच जातीचं. गळकं छप्परही अनित्य असतं, तरी ते आपण दुरुस्त करतो.

दुसरं, सेवक थकतात. पहिली खूण ठरलेली आहे: जो सगळ्यांच्या साधनेची सोय करतो त्याचं स्वतःचं आसन रिकामं राहायला लागतं. तो ध्यानाच्या वेळी स्वयंपाकघरात ‘जरा बघून येतो’ म्हणून जातो. हे दिसलं की त्याच्याकडची एक जबाबदारी काढून घ्या, विचारत बसू नका. कोणाकडेही दोनाहून जास्त जबाबदाऱ्या नकोत, आणि प्रत्येक सेवकाला वर्षातून एक शिबिर असं मिळावं ज्यात त्याच्याकडे काहीही काम नाही.

तिसरं, जुन्या साधकांची सावली. ते काही बोलत नाहीत, नुसती मान हलवतात आणि प्रस्ताव पडतो. फेरीत त्यांना नेहमी शेवटी ठेवा.

तंटा आणि तक्रार

कोसंबीतल्या भिक्खूंचं भांडण अट्ठकथेप्रमाणे, म्हणजे ग्रंथांवरच्या जुन्या भाष्याप्रमाणे, शौचालयातल्या भांड्यात उरलेल्या पाण्यावरून सुरू झालं. संघ दुभंगला, बुद्धांनी समजावूनही ते ऐकेनात, आणि बुद्ध त्यांना सोडून वनात निघून गेले. उपासकांनी भिक्षा बंद केली तेव्हा ते ताळ्यावर आले. सामायिक जागेत भांडणं अशीच सुरू होतात, बादली, पंखा, खिडकी, कपाट यांवरून. म्हणून क्षुल्लक म्हणून टाळू नका.

वर्षावासाच्या, म्हणजे पावसाळ्यातल्या एका जागी राहण्याच्या काळाच्या, शेवटी भिक्खू पवारणा करतात: माझं काही चुकलेलं पाहिलं असेल, ऐकलं असेल किंवा तशी शंका असेल तर करुणेने सांगा, अशी विनंती एकेक जण संघाला करतो, आणि सुरुवात थेरांपासून, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंपासून, होते. ही रीत सेवागटात वर्षातून एकदा आणा, क्रम तोच ठेवून: आधी संयोजक आणि विश्वस्त विचारतील, नवे सेवक शेवटी. सांगणाऱ्यासाठी ५ अटीही परंपरेत आहेत: योग्य वेळी, खरं तेच, सौम्य शब्दांत, हिताचं, आणि मैत्रीने. त्या फलकावर लिहून ठेवाव्यात. फ्रान्समधल्या प्लम व्हिलेज या, व्हिएतनामी भिक्खू थिक न्हात हान्ह यांनी १९८२ मध्ये सुरू केलेल्या केंद्रात अशीच एक ‘नव्याने सुरुवात’ नावाची रीत आहे: आधी समोरच्याचं चांगलं सांगायचं, मग स्वतःचं चुकलेलं, मग दुखावलेलं, आणि गरज असेल तर मदत मागायची. दोघांमधल्या कुरबुरीला हा क्रम फार उपयोगी पडतो.

पण या सगळ्या रीती बरोबरीच्या माणसांसाठी आहेत. शिक्षकाने किंवा विश्वस्ताने साधकाशी गैरवर्तन केल्याची तक्रार असेल तर दोघांना समोरासमोर बसवून मैत्रीभावना करायला लावणं हा तक्रारदारावर दुसरा अन्याय आहे. यासाठी वेगळी वाट आधीच तयार हवी. दोन संपर्क-व्यक्ती नेमा, त्यांतली निदान एक स्त्री आणि निदान एक केंद्राच्या बाहेरची, शिक्षकांशी शिष्याचं नातं नसलेली. त्यांचे नंबर ध्यानकक्षाच्या दाराशी आणि स्वच्छतागृहात आतल्या बाजूला लावा, म्हणजे कोणी बघत नसताना उतरवून घेता येतात. तक्रार आली की त्याच दिवशी लेखी नोंद करायची, आणि चौकशी संपेपर्यंत संबंधिताने शिकवण्यापासून आणि किल्ल्यांपासून दूर राहायचं. तो दोषी ठरला म्हणून नाही, नियमच तसा आहे म्हणून, आणि हे त्याला नेमणुकीच्या वेळीच लिहून दिलेलं असावं. गुन्हा घडल्याची शक्यता असेल, लहान मुलाचा संबंध असेल, तर केंद्राने आत चौकशी करत बसायचं नाही, कायद्याच्या यंत्रणेकडे जायचं. गुप्ततेचं वचन इथे देऊ नका, संपर्क-व्यक्तींनी हे तक्रारदाराला बोलणं सुरू व्हायच्या आधी सांगावं.

चौकशी संपल्यावर तक्रारदाराला निष्कर्ष लेखी द्या आणि साधकांनाही कळवा: तक्रारदाराची ओळख न उघडता, पण काय आढळलं आणि काय पावलं उचलली ते स्पष्ट शब्दांत. ज्यांनी पुढच्या शिबिरासाठी नाव दिलंय त्यांना हे शिबिर सुरू होण्याआधी कळलं पाहिजे. त्यावर कोणाला नाव मागे घ्यायचं असेल तर त्याने भरलेली रक्कम न विचारता परत करा.